कापायचं किती

केपटाउनच्या वाळवट सपाटीवर, घरांच्या पाठी
एक तुकडा उरलाय, अडीच मैदानांएवढा.
तिथलं गवत मी कापतो.
यंत्र नगरपालिकेचं, बधिर झालेले कान माझे.

इथे पाऊस हिवाळ्यात.
तो ओसरता ओसरता, ऑगस्टमध्ये,
वाळूतून कंद डोकं काढतात:
आधी दोन पानं, कुणाच्या नजरेत न भरणारी,
मग एका सकाळी ऐन पेनल्टीच्या ठिपक्यावर
पिवळं फूल.
पोरं चेंडू काखेत मारून उभी.
तौरीक म्हणाला, अंकल फोर्टुइन, आता?

नोमवुयोबाई गुडघे टेकून बसल्या.
बी धरेपर्यंत थांबा, म्हणाल्या,
या फुलाला दुसरं गाव नाही.

रुश्दा पहाटे पावणेपाचला इथूनच जाते,
मासळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला.
गेल्या जूनमध्ये झुडपाआडून एक माणूस उठला.
एवढंच सांगते. पुढचं नाही.
सगळं सपाट कर फोर्टुइन, तळहातासारखं.
तिला मी फुलाचं काय सांगू?
तिलाही दुसरी वाट नाही.

शाळेच्या हॉलमध्ये तीन तास सभा.
कुणी म्हणालं दिवे लावा,
कुणी म्हणालं मग पतंग मरतील.
कुणी म्हणालं, या बियांना जाग धुरानेच येते, एकदा जाळा.
आणि माझे वाळत घातलेले कपडे? मागून एक बाई.
सगळे हसले. कागदावर शेवटी आलं:
'वाटेलगत योग्य तेवढं कापावे.'

योग्य तेवढं म्हणजे किती,
ते मी रुश्दाला विचारलं.
पहाटे ती वाटेवर, मी झुडपात उकिडवा.
इथून? — नको.
मागे सरकलो. इथून? — नको.
गुडघे कुरकुरले, दव पाठीत उतरलं.
मग बराच वेळ ती बोललीच नाही.
'तिथून उठलास तर मी पळू शकेन.'
तिथे मी खुंटी ठोकली.

खुंटीच्या अलीकडे एक्केचाळीस कंद होते.
उन्हाळ्यात, ते झोपल्यावर,
बाईंनी अंड्यांच्या ट्रेमधून पलीकडे नेले.
अकरा जगले.

गोलचे खांब पोरांनी चार पावलं सरकवले.
तिथे उतार आहे. चेंडू आपसूक
पिवळ्याकडे घरंगळतो,
तौरीक चवड्यांवर जाऊन आणतो, शिव्या देत.

रुश्दा अजून किल्ली मुठीत धरूनच जाते.
खुंटीपाशी मी पातं उचलतो.