झाकली मूठ

पत्र्याची अर्धगोल इमारत, आडव्या कापलेल्या पिंपासारखी,
गावाच्या टोकाला, धान्याच्या कोठारांच्या अलीकडे.
आत बाहेरपेक्षा जास्त थंडी.
असं का, ते मला कोणी नीट सांगितलं नाही.
ओरेस्ट म्हणायचा, बाहेरच्या थंडीला निदान जायला जागा असते.

शनिवार, सकाळचे सहा.
डेल्मरचे वडील पासष्ट किलोमीटर गाडी हाकत यायचे,
काचेवरचा बर्फ आतून खरवडत,
आणि मागच्या सीटवर डेल्मर, स्केट घालूनच झोपलेला.
तसाच उठून रबरी चटईवरून खट खट चालत यायचा,
एक डोळा मिटलेला.
त्याचे स्केट आधी बहिणीचे, त्याआधी कुणा मामेभावाचे.
माझे पॅड चर्चच्या तळघरातले,
डाव्याच्या उसवल्या शिवणीतून हरणाचे केस डोकवायचे.
मी गोलमध्ये,
कारण मला उलटं स्केटिंग जमत नव्हतं
आणि मुलांपैकी कुणालाच मार खायचा नव्हता.

डाव्या हातात चामड्याचा मोठा पंजा.
चकती त्यात शिरली की सुटली, पंचाला दिसत नसे.
मी मूठ झाकून पडून राहायची,
अंगावर सातआठ पोरं, मानेवर कुणाचा तरी गुडघा,
ओल्या लोकरीचा वास.
त्या दोन सेकंदांत
गोल झालेलाही नसायचा, वाचलेलाही नसायचा.
मला फार आवडायचे ते दोन सेकंद.

गुणफलकावर पाहुण्यांच्या आकड्यात
वरची, उजवीकडची रेघ विझलेली.
तीन दिव्यांची रेघ, मधला फुटला की तिन्ही जात.
त्यांचा आठ सहा दिसायचा,
नऊ पाच.
दोन आणि तीन तर ओळखूच यायचे नाहीत.
मार्टन लेकच्या पोरांनी नऊ गोल चढवले त्या रात्री
उशिरा पोचलेली आई फलक बघून म्हणाली,
पाचच ना? मग ठीक आहे.
मी हो म्हटलं.
पलीकडच्या बाकावरून आरडाओरडा झाला,
पंचाने बोटांवर मोजून दाखवलं,
ओरेस्ट बर्फ सारवायच्या गाडीवर बसून
गोल गोल फिरत राहिला, ऐकू न आल्यासारखा.

दिवा डेल्मरनेच फोडला होता. सराव होता, चकती उंच गेली.
बघणारे तिघंच: तो, मी आणि ओरेस्ट.
ओरेस्ट एका गुडघ्यावर बसून काचा वेचत राहिला,
बर्फात रुतलेली काच वसंतापर्यंत चावते, एवढंच म्हणाला.
कोणी फोडला, ते विचारलं नाही.
नवा दिवा कधी बसवला नाही.
आम्हांला वाटायचं, पैसे नसतील.

यंदा शहरातून इंजिनिअर आला.
गळके पाइप, अमोनिया, वाकलेली तुळई, एक मोठा आकडा.
शाळेत आता एकोणीस मुलं.
पाडायचं का, म्हणून हात वर करायला सांगितले.
मीही केला.
रात्री डेल्मरला फोन लावला, तो उत्तरेला खाणीत आहे,
बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
मी गोलच्या दिशेनेच मारली होती हं.

कपाटं रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं.
ओरेस्टच्या खणात कॉफीचा डबा,
त्यात स्क्रू, नाडीचा तुकडा, कानात घालायचा कापूस,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दिवा.
कागदावर त्याच हिवाळ्यातला फेब्रुवारी.
कानाशी हलवून पाहिला.
तार तुटलीय की शाबूत, कळलं नाही.
शिडी तिथेच होती, भिंतीला टेकलेली.
वीज गुरुवारीच तोडलेली.

दाराशी कुणीतरी विचारलं, काही सापडलं का, लेस्या?
मी म्हटलं, नाही, भंगारच सगळं.
तो आता माझ्या गाडीत आहे, पुढच्या खणात,
वळणावर
गडगडतो.