मोजणी

पोळेंत, जिथे गोवा संपतो
आणि नाक्यावरचा आडवा बांबू सुरू होतो,
शाणू पागी आणि दुलबा पागी, सख्खे भाऊ,
दीड हात जमिनीसाठी अकरा वर्षं बोलत नाहीत.
मध्ये गडगा. गडग्याला चिकटून माड:
बुंधा एकाचा, शेंडा दुसऱ्याचा,
नारळ मात्र पडतो स्वतःच्या मर्जीने.

मी मोजणी खात्याचा.
चहा घ्यायचा तर दोन्ही घरी, नाहीतर एकाही नाही.
तिपाई रोवली, यंत्र चढवलं.
दोघे दोन बाजूंनी माझ्या हातांकडे बघत राहिले,
जणू मी पत्ते पिसतोय.

वर सड्यावर पितळेची एक खूण आहे,
सत्त्याण्णव साली आमच्या साहेबांनी जांभ्यात पुरलेली.
उपग्रहाने तेव्हा सांगितलेलं तिचं ठिकाण वहीत आहे.
आज सकाळी पुन्हा विचारलं,
तर तीन हातांचा फरक.
खूण कुणी उपटली नाही. चिरा हलला नाही.
शेजारचं वारूळसुद्धा जिथल्या तिथे.
सडाच चाललाय ईशान्येला,
सड्यासकट नाका, नाक्यासकट शिपाई,
देऊळ, कपेल, वाळत घातलेली सुंगटं,
दोन भावांच्या दोन विहिरी.

हे मी सांगणार नव्हतो.
एक-चौदाच्या उताऱ्यात त्यासाठी रकाना नाही.
पण दुलबाने विचारलं, "किती आलं?"
आणि उन्हात माझी जीभ सैल झाली.

म्हटलं, खाली चला.
किनाऱ्यावर करड्या खडकातून एक काळी शीर जाते,
ओहोटीला ओल्या म्हशीच्या पाठीसारखी वर येते.
त्या शिरेवर बसून तुम्ही कालवं फोडता.
ती भेग होती.
खालून वितळलेला दगड आला आणि तिच्यात थिजला.
होत आली त्याला नऊ कोटी वर्षं.
तेव्हा इथे समुद्र नव्हता,
या खडकाचा दुसरा भाग पलीकडे लागूनच होता,
मादागास्कर म्हणतात आता त्याला.
कुणी फिर्याद केली नाही.
मध्ये पाणी शिरलं, एवढंच.
आधी ओहोळ, मग खाडी,
मग ज्यात तुमची होडी हरवते तो हा.
मागे दिसतो तो सह्याद्री
फाटल्या कापडाची उभी राहिलेली कड;
पावसात तिच्या पांढऱ्या दशा लोंबतात.

आपला तुकडा निघाला उत्तरेला,
वाटेत एका निखाऱ्यावरून गेला, पाठ पोळली,
ते काळे थर आहेत अजून सत्तरीच्या डोंगरांत.
मग दुसऱ्या भूमीवर आदळला,
तरी थांबला नाही.
तिकडे हिमालय उचलला जातोय,
इकडे तुम्ही बोलत नाही त्या अकरा वर्षांत
घरादारासकट गेलात सव्वा हात पुढे.

शाणू इतका वेळ गप्प होता.
उकिडवा बसला, शिरेवर तळवा टेकला.
"ऊन आहे," म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

दुलबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग मला विचारलं,
"त्या बाजूचा उतारा कुणाच्या नावावर?"
शाणूला हसू फुटलं.
मग आठवलं, आपण बोलत नाही;
हसू तसंच धरून तो कालवांची टरफलं वेचू लागला.

पुन्हा वर आलो, मोजणी पुरी केली.
मेर जागेवरच आहे.
गडगा ढकललाय माडाच्या मुळांनी, वीतभर,
वर्षाला एखादं सूत, कुणी बघत नसताना.
तसं लिहिलं. दोघांच्या सह्या घेतल्या,
एकाच पेनाने, पण हातातून हातात नाही,
मध्ये गडग्यावर ठेवून.

चहा दोन्ही घरांतून आला.
आधी शाणूकडचा प्यालो, मग दुलबाकडचा.
दोन्हींत मिरी होती.
इतकी गावं मोजली,
चहात मिरी दुसरीकडे कुठे प्यालो नाही.