कोणाकडे

खराडीच्या ऑफिसात गेटवर रोज तेच:
नाव, कुठून, कोणाकडे, लॅपटॉपचा नंबर.
अकरा महिने झाले.
सुगंधाबाई वर न बघता वही सरकवतात.
पेन सुतळीला बांधलेलं,
सुतळी 'कोणाकडे'च्या रकान्यापर्यंत जेमतेम पोचते.
मी लिहितो: टेंबेकर, चौथा मजला.
टेंबेकर मार्चमध्येच नोकरी सोडून गेले.

आज काम प्रिंटरचं.
रक्त घ्यायला घरोघरी जाणाऱ्या लॅबच्या पोरांना
कमरेच्या छोट्या प्रिंटरवर पावती काढता यायला हवी.
प्रिंटरचा क्लास आपला नाही.
आईला फोनवर म्हटलं, एका क्लासनं डोकं खाल्लंय,
ती म्हणाली, या वयात कसले क्लास लावलेस?

कुणीतरी कुठेतरी लिहून, कुलूप घालून पाठवलेला.
आपल्या क्लासच्या कपाळावर खूण करता येते,
कंटेनर ओळखतो, हाक मारली की आणून उभा करतो.
याच्या कपाळाला हात लावायची सोय नाही.
मग मॉड्यूल उघडायचं
आणि आपण लिहून द्यायचं त्याच्या वतीनं:
हा अमुक. याला उभं करायला लागतं
एक कॉन्टेक्स्ट, एक पत्ता, तीस सेकंदांचा धीर.
एकदाच बनवा.
कुणी मागितल्याशिवाय बनवू नका.
भाडेकरूच्या पोलीस पडताळणीवर
घरमालक सही ठोकतो तसं काहीसं,
फक्त डिपॉझिट नाही.

दुपारी मी ती नोंदच विसरलो.
ॲप उघडलं, पांढरं झालं, मेलं.
लॉगमध्ये लाल अक्षरं,
सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सुरात:
हा कोण? आमच्या यादीत नाही.
शेजारून यास्मिन म्हणाली,
बिल्ड करतानाच ओरडणारंही असतं रे काही,
तुम्ही व्हेंडरवाले ना...
आणि पुढचं गिळून
चिक्कीचा तुकडा माझ्या कीबोर्डपाशी ठेवला.

सहाला नोंद घातली. चार ओळी.
पावतीच्या स्क्रीननं त्याला नावानं मागितलंच नाही,
'छापणारा कुणीतरी' एवढंच म्हणाली,
आणि हा आला.
उद्या याच्या जागी दुसरा आणला
तर तिला कळणारही नाही.
हेच चांगल्या डिझाइनचं लक्षण,
असं मीच परवा नव्या पोरांना शिकवलं, फळ्यावर, चौकोन काढून.

प्रिंटर कुरकुरला. पट्टी आली.
रक्तशर्करा, उपाशीपोटी,
जोडाक्षरं सगळी फुटलेली,
पण रक्कम बरोबर.

निघताना सुगंधाबाईंनी वही ओढून घेतली.
आज पहिल्यांदा वर बघून म्हणाल्या,
टेंबेकर साहेब तर कधीच गेले ना?
म्हटलं, हो.
मागे दोन डिलिव्हरीवाले, एक हेल्मेट खणखणवत होता.
मग सांगा, त्या म्हणाल्या,
उद्यापासून कोणाच्या नावावर घालू तुम्हाला?
पेन त्यांच्या हातात,
सुतळी ताणलेली.