भीतीचा खाना

पाच भावना आधीपासूनच होत्या त्यांच्यात:
भूक, झोप, आनंद, कंटाळा, प्रेम.
(कंपनीच्या हिशेबात भूकही भावनाच.)
भीती नव्हती.
म्हणून शेगडीचा भडका पडद्याला लागला
की सिद्राम आगीपाशी जाऊन उभा राहायचा,
चहा उकळायची वाट बघत.

मला काम आलं: भीती घाला.
शून्य ते शंभर. मुदत पंधरा दिवस.
विडी घरकुलातली वरची खोली, तापलेला पत्रा,
लॅपटॉपखाली ओला टॉवेल,
इथलाच, काठाचा धागा सुटलेला.

आधी सोप्या गोष्टी घातल्या:
आग, अंधार, कुत्रं, अपरात्री वाजलेलं दार.
सिद्राम पळाला. भिंतीला थडकला. पुन्हा पळाला.
ही काय भीती? हे नुसतं पळणं.

खाली अम्मा सूप मांडीवर घेऊन पानं कातरत होती.
विचारलं, तू कशाला भितेस?
म्हणाली, छाटीला.
हजार विड्या वळाव्यात, अन् चेकरनं
त्यातल्या मूठभर बाजूला टाकाव्यात, न बघताच.
मग बऱ्याच वेळानं, दोरा गुंडाळता गुंडाळता,
"अन् माग थांबले की."

हे मलाही ठाऊक होतं.
आमच्या गल्लीत आवाजाला कुणी कधी भ्यालं नाही.
त्या खटखटीतच आम्ही दूध प्यालो, पाढे म्हटले,
तापात त्याच ठेक्यावर कण्हलो.
पण रात्री दोनला लाइट जायची, माग थांबायचे,
आणि अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसायची.
नायनाचा कारखाना बंद झाला तेव्हाही
कुणी सांगायला आलं नव्हतं.
आम्हाला जाग आली, एवढंच.

मी सगळं पुसलं. पहिल्यापासून लिहिलं:
रोज ऐकू येणारं थांबलं, तर भीती वाढव.
गौराम्माच्या घरातला रेडिओ बंद केला.
तिनं भाकरी तव्यावरच सोडली,
दारात आली,
रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.
भीती: बेचाळीस.
माझ्या अंगावर काटा आला. मग स्वतःचंच हसू आलं.

हुरूप आला तसा संकोचही घातला,
आणि आणखी एक, जिला नाव नाही:
पाच दिवसांनी मध्यरात्री नळात हवा गुरगुरते
आणि पाणी अजून आलेलं नसतं,
तेवढ्यापुरतं जे काही होतं, ते.
कंपनीनं विचारलं, हिला म्हणायचं काय?
मी लिहून टाकलं, "भावना आठ".

मल्लीचं वय सहा. तिच्या खान्यात शून्य ठेवलं.
हात धजला नाही.

शेवटच्या चाचणीत घर पेटवलं.
सिद्राम पळाला, गौराम्मा पळाली, बरोबर.
मल्ली तिथंच, ज्वाळांना टाटा करत.
आणि अंगणात सुखरूप पोचलेल्या दोघांची भीती
उतरायची सोडून चढत गेली,
साठ, ऐंशी, शंभर,
आकडा चौकटीबाहेर सांडला,
आणि दोघं माघारी वळून आगीत शिरली.

असं मी लिहिलं नव्हतं.
पहाटेपर्यंत शोधलं. एकशेबाराव्या ओळीत
"अंतर" हवं होतं तिथं
झोपेत "जवळीक" लिहून गेले होते.

नायना जकार्डची कार्डं पाडायचा.
एक भोक चुकलं की चादरीवरचा मोर आंधळा.
तशी एक, व्यापाऱ्यानं परत पाठवलेली,
आमच्याकडे आहे.
तीच ओढून आम्ही तिघी बहिणी वाढलो,
आंधळ्या बाजूला झोपायला भांडत.

आज पंधरावा दिवस. नऊ वाजता पाठवायचंय.
एक शब्द बदलला की सगळी नीट पळतील.

जिन्यातून अम्मा: "अजून काय करालीस गं?"
"भीती दुरुस्त करालेय."
"झाली का?"

तेवढ्यात खाली नळ गुरगुरला.
ती घागर घेऊन धावली, तिच्यामागं मी,
लॅपटॉप तसाच उघडा टाकून.
जळत्या घरातून कोण कोण बाहेर आलं
ते मोजायचं राहूनच गेलं.