छप्पर सोडलं

राखेचा बुधवार यंदा लवकर आला.
संक्रांतीचे तिळाचे लाडू, शेजारच्यांनी दिलेले,
अजून डब्यात होते.
आदल्या रात्री गारा पडल्या, हरभऱ्याएवढ्या,
आणि नागपूरचा पारा सातावर येऊन बसला.

शांतवन असता तर म्हणाला असता,
मटण सोड, साखर सोड,
निदान संध्याकाळची मालिका तरी.
तो दरवर्षी यादी करायचा, कॅलेंडरच्या पाठीवर,
आणि ईस्टरच्या दुपारी तीच यादी
वरपासून खालपर्यंत खायचा.

मी यंदा छप्पर सोडलं.
रोज एक तास, साडेपाच ते साडेसहा.
पाळकांना सांगितलं नाही.
ते म्हणाले असते, सुवार्ताबाई, आणि गुडघे?

सेमिनरी हिलच्या चढावर एक पुलिया आहे,
कुण्या पेंटरचा फोन नंबर लिहिलेली,
त्यातले शेवटचे दोन आकडे पुसलेले.
तिच्यावर बसायचं. अंगात शांतवनचा स्वेटर,
मधलं बटण नसलेला.
पहिले तीन दिवस मी नुसती थंडीच पाहिली.
ती आधी कानाच्या पाळीत येते, मग दातांच्या मुळांत,
मग जिथे अंगठी होती त्या बोटात.
प्रार्थना दोन शब्दांपुढे जात नव्हती.
हे प्रभू,
की नाक पुसायचं.

चौथ्या दिवशी पळस दिसला.
म्हणजे होता तो तिथेच, हाताच्या अंतरावर,
पानं टाकून उभा,
आणि फांदीभर काळपट मखमली कळ्या,
मांजरानं नखं आत ओढून घ्यावीत तशा.
छत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी.
मुठी ओळखते.
नुकत्या आलेल्याची, निघालेल्याची.
ही कुठली, ते कळेना.
रविवार चाळीसात धरायचे नसतात,
पण पळसाला कोण सांगणार.
मी रविवारीही गेले.
तेविसाव्या दिवशी मात्र झोपून राहिले. कारण काही नाही.

त्याच्या आधीच कधीतरी, दहावा की अकरावा,
नर्सरीचे राखणदार झिंगरू मडावी
पाचोळ्याची शेकोटी करून बसले होते.
"काय पाहून रायल्या जी, रोजच्या रोज?"
उपास आहे, म्हटलं.
"कोनाचा? आज त चतुर्थी बी नाही."
मग सांगितलं, आमचा येशू
चाळीस दिवस रानात होता, उपाशी.
ते बराच वेळ जाळाकडे पाहत राहिले.
"एकटाच?"
जनावरं होती म्हणतात, आजूबाजूला.
"मंग एकटा कसा?" म्हणाले,
आणि काडीनं राख सारखी केली.

इतकी वर्षं ते रान
माझ्यासाठी संडेस्कूलच्या तक्त्यावरची पिवळी वाळू होतं.
त्यात कुणी चरत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं,
पहाटे कुठल्याच झाडावर
तांबट पक्षी ठोका धरून बसत नव्हता.

मार्च लागला आणि थंडी न सांगता गेली,
पाहुणा मागच्या दारानं जावा तशी.
पळसानं मुठी उघडल्या.
त्या केशरी रंगाबद्दल मी काही लिहिणार नाही,
खाली उभं राहिलं की तोंडावर उजेड पडतो, एवढंच.
मडावींनी ओंजळभर मोहफुलं दिली, दंवानं ओली.
खाल्ली. फार गोड होती.
शांतवनच्या यादीत ती कधीच नव्हती.

पस्तिसाव्या दिवशी शेकोटी नव्हती, मडावी नव्हते.
गार राखेत खड्डा करून
त्यांची ती लालसर कुत्री झोपली होती,
पोटाला चार पिल्लं, एक जरा बाजूला.
तिच्या कपाळावर राख लागली होती,
डोळ्यांच्या वर, बरोबर मधोमध.
माती आहेस तू, असं
तिला कुणी म्हटलेलं नव्हतं.

मी पुलियावर थोडी सरकून बसले.
साडेसहा केव्हाच होऊन गेले होते.