उपसायचा डबा

पहाटे तीनला फोन. देवगडच्या बर्फ कारखान्यातून
दिगंबर कुबल:
"गो विशाखा, तुझा यंत्र गप झाला.
पडद्यार लिवलाहा, जागा नाय."

जागा नाही.
एवढ्या उंच शेडमध्ये,
एकावर एक पालथ्या घातलेल्या रिकाम्या क्रेटांत,
जेटीवर अकरा ट्रॉलर बर्फासाठी नाक लावून उभे असताना,
जागा नाही.

तारामुंबरीच्या उतारावर स्कूटर दोनदा घसरली.

खोका पत्र्याच्या कपाटात, अंगात ताप असल्यासारखा.
आत एकच फाइल, नऊ महिन्यांची.
दर सेकंदाला एक ओळ:
उणे नऊ. उणे नऊ. उणे साडेनऊ. उणे नऊ.
कॉम्प्रेसर चालू. कॉम्प्रेसर बंद. उणे नऊ.
गणपतीतही सुट्टी न घेतलेली,
कुणी न वाचलेली, कुणी न फाडलेली वही.

नियम मी लिहिला होता.
दर रविवारी वही बदला, जुनी दाबून घडी घाला,
चारांच्या वर झाल्या की सर्वांत जुनी टाका.
चिठ्ठी नेमक्या फोल्डरात ठेवलीही होती.
फक्त ती वाचणारा गडी
या खोक्यात कधी आलाच नव्हता.
माझ्या लॅपटॉपवर तो पहिल्यापासून आहे,
इतका गुपचूप, की मला वाटलं
तो भिंतींसोबतच येतो.

पॅकेजच्या कागदावर तीन रकाने असतात.
याच्यावाचून चालणार नाही.
हे असावं.
हे असलं तर बरं.
लॉगरोटेटला मी तिसऱ्यात बसवलं होतं,
आमंत्रणाच्या तळाशी 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात तसं.
त्यावर कोण येतं?

मग पहिल्यात टाकू?
पण मिठबावला माझंच भरतीमापक आहे, काडेपेटीएवढं,
ते फाइल ठेवतच नाही,
ओळ आली की दुसऱ्या गावी धाडून मोकळं.
तिथे हा गडी बसून नुसती जागा खाईल.
आणि खरं सांगायचं तर
माझा प्रोग्राम याच्यावाचून चालतो. मोजतो. लिहितो.
चालत नाही, असं खोटं कसं लिहू?

फाइल रिकामी केली. यंत्र खाकरलं, लागलं.
कुबलांनी कोरा चहा पुढे केला.
"काय नव्हता?"
सांगितलं, जमेल तसं.
ते जेटीकडे बघत राहिले.

"होडयेक डबो लागता काय?"
"कसला डबा?"
"पाणी उपसूचो. तेलाचो, तोंड कापलेलो."
मी गप्प.
"लागणा नाय. डब्याबिगर होडी तरता.
पयल्या दिसाक तर बरीच तरता.
पण होडी देणारो डबो आत टाकूनच देता.
नको त्येना काढून ठेवचो.
मगे पाणी त्येचा."

मधला रकाना.
इतकी वर्षं मी त्याला
दोघांच्या मधे बसलेलं बुजरं पोर समजत होते.

मी खिशातून फोन काढून तिथेच लिहिलं:
असावं: लॉगरोटेट, किंवा हेच काम करणारं दुसरं कुणीही.
लिहून झाल्यावर आठवलं,
हा खोका गेल्या शिमग्यात मीच बसवला होता
आणि जागा वाचवायला
'असावं' म्हणणारं सगळं एका फटक्यात नाकारलं होतं.
म्हणजे ही ओळ तेव्हा असती तरी
डबा किनाऱ्यावरच राहिला असता.
काढून ठेवणारी मी.
पाणी मात्र कुबलांचं.

हे त्यांना सांगितलं नाही.
गडी हाताने बसवला, चिठ्ठी त्याला वाचून घ्यायला लावली.
बाहेर क्रशर सुरू झाला,
पहिली ढकलगाडी ओलं ओझं घेऊन खडखडत गेली.
पडद्यावर नवी वही:
उणे चार.
उणे चार.
उणे साडेचार.

रविवारी परत येते म्हणाले.
"कित्याक?" त्यांनी विचारलं.
पान उलटलंय का, बघायला.