पोटखराबा

गट नंबर एकशे ब्याण्णव. माडग्याळच्या पूर्वेला.
ज्येष्ठ लागून आठवडा झालेला.
तिवईवर यंत्र बसवलं, आकाशातल्या चौदा उपग्रहांनी
लगोलग ओळख दिली.
खाली ओळख द्यायला कोणी नाही,
असं मला सकाळी नऊला वाटलं.

उतारा म्हणतो : एकूण सव्वीस हेक्टर,
त्यात पोटखराबा चोवीस. लागवडीस अयोग्य.
म्हणजे पोटच सगळं खराब,
हातपाय तेवढे धड.

कोयनेकडं ढग माप सांडेपर्यंत ओततात,
इथवर पोचतात ते हात झटकून.
एसटी जशी फाट्यावरूनच वळते,
आत गावात येत नाही, तसे.

काठी धरायला सिदगोंडा.
मागच्याच आठवड्यात कृष्णाकाठावरून परतलेला,
आठ महिने दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून,
लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घेऊन.
त्याची मेंढरंही त्याच्यासारखीच, पोपटनाकी,
उन्हाकडं पाठ करून एकमेकींच्या सावलीत डोकी घालणारी.

"इथं तोळ हाय," तो म्हणाला.
मला वाटलं सोनं. खानापूरकडचे गलाईवाले आठवले.
त्यानं ओठांनीच घळीकडं दाखवलं :
चुनखडीच्या कपारीत काळोखाचं एक तोंड,
पुढं हाडं, आणि कोवळ्या पंजांची रांगोळी.
लांडगा. कानडीत तोळ.
"वर्साला दोन कोकरं त्याची. हिशोबात धरलेली.
कुत्रं तर चार नेतंय, त्याला कोण काय म्हणतंय?"

हेंकळ, तरवड, बोरीची जाळी.
खोकडाचं बीळ, त्याला तीन दारं,
आणि मी लिहितोय : बांधकाम निरंक.

दहाच्या सुमाराला दगडखाणीतल्या डबक्यावर
पखुर्ड्या उतरल्या, मातीचीच ढेकळं उडत आल्यासारख्या.
एक नर पाण्यात बसून राहिला, पीत नव्हता.
"पोटाची पिसं भिजवतोय," सिदगोंडा म्हणाला,
"पिल्लं लांब हायत. ती पिसं चोखून पितात."
टँकरच्या खेपांचं तहसिलीत रजिस्टर असतं,
आवक, जावक, सरपंचाची सही.
ही खेप कुठल्या रकान्यात?

माळढोक त्याच्या आज्यानं बघितलेला.
"माणसाच्या कमरेएवढा. चालायचा असा,
जसा पाटीलच जमीन बघाय निघालाय."
सिदगोंडा तसं चालून दाखवतो,
मी हसतो, मग हसत नाही.

पॉइंट तेरा.
यंत्रानं आवाज दिला : जागा पक्की.
सिदगोंडाचा एक पाय हवेतच.
"ठेवू नका," म्हणाला. "खाली बघा."
मला खडे दिसले. आणखी खडे दिसले.
मग त्यातले चार खडे अंडी झाली,
आणि डोक्यावर टिटवी, पिवळ्या गालाची,
माझ्या अख्ख्या खात्याला शिव्या घालत.

सरकारी खांब सिमेंटचा असतो, बारा किलोचा.
खूण मी दोन मीटर सरकवली.
शेऱ्यात लिहिलं : मूळ जागी कठीण खडक.
एकोणीस वर्षांच्या नोकरीतलं
एवढंच खोटं मी न मागता दिलं,
आणि एवढंच फुकट.

पुढच्या साली इथं काचा येतील, निळ्या, रांगेनं,
सूर्याकडं माना करून.
वीज चांगलीच गोष्ट आहे, माझ्याही घरी फॅन आहे.
कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, "मोकळीच आहे ना?"
मी म्हणालो होतो, "हो, मोकळीच."

निघताना सिदगोंडानं काठी परत केली, पुसून.
"सायेब, पोटखराबा म्हंजी कुणाचं पोट?"
जीपचा दरवाजा नीट लागत नव्हता,
मी तोच लावत राहिलो.

रात्री जतला, ओट्यावर, दिव्याखाली
मोज्यातली कुसळं काढत बसलो.
एकेक वाकडं, उलट्या काट्याचं, मागं न येणारं.
बायको म्हणाली, टाकून द्या तो मोजा.
सव्वीस हेक्टरांतलं
एवढंच माझ्याबरोबर आलेलं.